पाळीव उंदराचे संगोपन

पाळीव उंदीर हा घरउंदीर (शास्त्रीय नाव : मस मस्क्युलस) या कृंतक प्राण्याचा माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून पैदास केलेला प्रकार होय. त्याचे वजन २० ते ४० ग्रॅम भरते आणि तो साधारणपणे दीड ते अडीच वर्षे जगतो. पांढरा, काळा, करडा, बदामी व ठिपकेदार असे त्याचे अनेक रंग आढळतात. महाराष्ट्रात मात्र लाल डोळ्यांचा पांढरा उंदीरच अधिक परिचित आहे. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे पूर्वीचे क्रॉफर्ड मार्केट, येथील पशुपक्षी विक्रेत्यांकडे तो मिळतो.

उंदीर पाळण्याविषयीची बहुतेक माहिती थंड व कोरड्या हवेच्या देशांतून आलेली आहे. उत्तर कोकणाच्या किनारपट्टीत ती जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रस्तुत लेखात पालघर तालुक्यातील सफाळे व त्याच्या आसपासचा भाग समोर ठेवून या संगोपनाचा विचार केला आहे. भातखाचरे, भाजीचे मळे, खाड्या आणि समुद्रावरची खारी हवा यांनी वेढलेल्या या भागात पाळीव उंदराला खरा धोका मांजराचा नसून दमट उष्म्याचा आणि त्याच्याच रानटी भाऊबंदांचा असतो.

नाव व ओळख

मराठीतील ‘उंदीर’ हा शब्द संस्कृत ‘उन्दुर’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतातील ‘मूष’, ‘मूषक’ हे शब्द चोरणे या अर्थाच्या ‘मुष्’ धातूशी जोडले जातात. लॅटिनमधील ‘मुस’ आणि इंग्रजीतील ‘माउस’ हे त्यांचेच सगोत्र होत. धान्याच्या कोठारावर डल्ला मारणाऱ्या या प्राण्याला चोर म्हणणे शेतकरी समाजाला सुचावे, यात नवल नाही.

इंग्रजीत लहान व मोठ्या उंदरासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात आणि खरेदीच्या वेळी नेमका येथेच घोटाळा होतो. ‘पांढरा उंदीर’ म्हणून मिळालेले पिल्लू घरउंदराचे असू शकते, तसेच रॅटस प्रजातीतील मोठ्या उंदराचेही असू शकते. मोठ्या उंदराचा पूर्ण वाढलेला नर ४०० ग्रॅमच्याही पुढे जातो. त्याला पिंजरा, खाद्य व सहवास निराळा लागतो. शिवाय मोठा उंदीर लहान उंदराला मारून खातो. त्यामुळे दोघांना एकत्र ठेवणे म्हणजे लहानाचा बळी देणे होय. पिल्लू मोठ्या उंदराचे असेल तर त्याचे डोके व मागची पावले अंगाच्या मानाने थोराड दिसतात, शेपटीचे मूळ जाड असते. घरउंदीर लहान असतानाही अंगाने रेखीव असतो. त्याचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि शेपूट बारीक असते.

घूस ही कृंतकच असली तरी वेगळ्या प्रजातीची आहे. चिचुंद्री तर कृंतकही नाही. ती कीटकभक्षी असून तिच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र दर्प येतो. या दोन्ही प्राण्यांना पाळण्याचा प्रयत्न करू नये.

इतिहास

शोभेसाठी उंदीर पाळण्याची प्रथा पूर्व आशियातील आहे. रंगीत उंदरांची पैदास कशी करावी, हे सांगणारे ‘चिंगान सोदातेगुसा’ हे पुस्तक जपानमध्ये १७८७ साली प्रसिद्ध झाले होते. इंग्लंडमध्ये वॉल्टर मॅक्सी यांच्या पुढाकाराने १८९५ साली उंदीरपालकांचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी येथे ॲबी लॅथ्रॉप ही पूर्वाश्रमीची शिक्षिका विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांसाठी उंदीर पैदा करून विकत असे. पुढे संशोधकच तिचे मुख्य गिऱ्हाईक बनले. तिच्याकडील ५७ क्रमांकाच्या मादीपासून निघालेला वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. भारतीय प्रयोगशाळांत सर्वत्र दिसणाऱ्या पांढऱ्या ‘स्विस’ उंदराचे मूळ १९२६ साली सापडते. त्या वर्षी क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथून २ नर व ७ माद्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आणल्या होत्या.

महाराष्ट्रात मात्र उंदराची आठवण हौसेपेक्षा साथीशी अधिक निगडित आहे. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. घरात ‘उंदीर पडला’ म्हणजे वस्ती सोडण्याची वेळ झाली, असे त्या पिढ्यांत समजले जाई. उंदराच्या अंगावरील पिसवांमधून हा रोग माणसात येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने येथेच केलेल्या प्रयोगांनी पिसवेचा दोष निर्विवाद सिद्ध झाला. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी आणि पाठोपाठ सुरत शहरात प्लेगची भीती पुन्हा पसरली. सुरतेहून मुंबईला जाणारा लोहमार्ग सफाळ्यावरूनच जातो. घरात उंदीर पाळायचा म्हटल्यावर वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात, त्यामागे हा इतिहास आहे. ती नापसंती अडाणीपणाची मानू नये. स्वच्छ पैदाशीतला, रानटी उंदरांपासून दूर ठेवलेला पांढरा उंदीर आणि माळ्यावरचा उंदीर यांत फरक आहे खरा. परंतु तो फरक टिकवणे ही पाळणाऱ्याचीच जबाबदारी असते.

निवड व सोबत

घरउंदीर हा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटी ठेवलेली मादी मलूल होते, घरटे नीट बांधत नाही. दोन किंवा तीन माद्या एकत्र ठेवणे ही नवशिक्यासाठी सर्वांत योग्य व्यवस्था होय. एकाच वेतातल्या बहिणी मिळाल्यास उत्तम. प्रौढ नर एकमेकांशी रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात, म्हणून त्यांना वेगळे ठेवावे लागते. नर आपली हद्द मुताच्या थेंबांनी आखतो. त्याच्या पिंजऱ्याला येणारा वास कितीही स्वच्छता राखली तरी पुरता जात नाही. लहान घरात ही बाब आधीच विचारात घेतलेली बरी.

नर-मादी ओळखण्यासाठी मूत्रद्वार व गुदद्वार यांतील अंतर पाहतात; नरात ते जवळजवळ दुप्पट असते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे ठामपणे सांगून दिलेल्या जोडीला तीन आठवड्यांत पिल्ले झाल्याची उदाहरणे सर्वत्र ऐकू येतात. विकत घेताना डोळे स्वच्छ, केस गुळगुळीत, चाल चपळ व श्वास निःशब्द असावा. कानाशी धरल्यावर टकटक किंवा घरघर ऐकू आली, तर तो उंदीर श्वसनरोगी असतो आणि सहसा बरा होत नाही.

उंदराला शेपटीने उचलण्याची रीत जुनी असली तरी चुकीची आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट व रेबेका वेस्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाला सतत भितात; उलट नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर आपण होऊन हाताकडे येतात. पुठ्ठ्याची रिकामी नळी या कामाला पुरते.

पिंजरा

परदेशी पुस्तकांत काचेच्या टाकीची शिफारस असते. कोकणात ती टाळावी. काचेच्या टाकीत हवा खेळत नाही, ओल साचते आणि मुतापासून निर्माण होणारा अमोनिया तळाशी कोंडतो. उंदराचे नाक नेमके त्याच पातळीवर असते. जाळीचा पिंजरा येथे अधिक योग्य ठरतो. जाळीच्या दोन तारांतील फट ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी. पेन्सिल शिरेल एवढ्या जागेतून लहान उंदीर सहज निसटतो. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने साधी लोखंडी तार एकदोन पावसाळ्यांत गंजते आणि गंजलेली टोके पायांना लागतात. म्हणून गंजरोधक पोलादाची जाळी घ्यावी. तळ मात्र अखंड असावा. जाळीच्या तळावर चालून पावलांना जखमा होतात. तीन माद्यांसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद तळ पुरतो. फिरते चाक ठेवायचे असल्यास ते भरीव पृष्ठभागाचे व किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे असावे. लहान चाकात पाठ वाकडी होते, तर दांड्यांच्या चाकात शेपूट अडकते.

अंथरणासाठी न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या सर्वांत चांगल्या. देवदार व चीड यांच्या लाकडाचा सुगंधी भुसा फुप्फुसांना व यकृताला अपायकारक असतो. भाताचे तूस गावात फुकट मिळत असले तरी ते टोकदार व धुळकट असल्याने वापरू नये. कापूस व काथ्या यांचे धागे पायाला गुंडाळले जाऊन रक्तप्रवाह थांबतो. ही चूक मायेपोटीच होते. घरटे म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी उंदरांना फार आवडते, हे येथील घरांचे एक सुदैवच म्हणायचे.

पेंढ्याविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. सफाळे परिसरात भाताचा पेंढा मुबलक असतो आणि अंथरण म्हणून तो प्रथम आठवतो. परंतु शेतातील उडव्यात व घराच्या पडवीत रचलेल्या पेंढ्यावरून रानटी उंदरांची ये-जा अखंड चालू असते. त्यांचे मूत, विष्ठा व अंगावरचे गोचिडासारखे बारीक किडे पेंढ्याबरोबर थेट पिंजऱ्यात येतात. पावसाळ्यात त्याच पेंढ्याला बुरशी धरते. पेंढा न वापरणे हेच शहाणपणाचे.

अंथरण आठवड्यातून एकदा बदलावे, ओला कोपरा मात्र दररोज काढावा. घरट्यातील थोडे कोरडे जुने साहित्य नव्या अंथरणात परत ठेवावे. स्वतःच्या वासाची खूण पुरती नाहीशी झाली की उंदीर अस्वस्थ होतात आणि त्यांच्यातील भांडणे वाढतात.

उन्हाळा व पावसाळा

उंदराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या तळपायांपुरत्याच असतात. कुत्र्याप्रमाणे धापा टाकूनही त्याचे भागत नाही. उष्मा असह्य झाला की तो अंगाला लाळ फासतो आणि गार जागी पोट टेकून पसरतो. लाळेचे बाष्पीभवन हवा कोरडी असली तरच होते. मे महिन्यातील दमट दुपारी हा उपाय निष्फळ ठरतो. ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उंदीर सहन करतो, किंबहुना त्याला ते थंडीपेक्षा सुखावह वाटते. ३५ अंशांपुढे मात्र दमट हवेत काही तासांत मृत्यू येऊ शकतो. लाळेने भिजलेली हनुवटी, लांब पसरलेले अंग आणि हाक मारूनही न हलणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी उंदराला गार पाण्यात बुडवू नये. सावलीत आणून कान, पावले व शेपूट ओल्या बोटाने पुसावीत आणि तोंडाशी पाण्याचा थेंब धरावा.

वीज गेल्यावर पंखा बंद पडतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीपेक्षा जुन्या कौलारू घराची जमिनीलगतची जागा बरीच सुसह्य असते. मातीच्या कौलाचा तुकडा पाण्यात भिजवून, निथळवून पिंजऱ्याच्या एका टोकाला ठेवला तर उंदीर त्यावर जाऊन पडतात. बर्फ किंवा गोठवलेली बाटली ठेवायची झाल्यास ती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर टेकवावी. कूलरने खोलीतील दमटपणा वाढतो. किनारपट्टीवर त्याचा उपयोग नाही.

जूनपासून प्रश्न उलटतो. उंदराला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. येथे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर राहते. अंथरण सुकत नाही, खाद्याला बुरशी येते आणि अमोनियाचा वास वाढतो. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस या जंतूमुळे होणारा श्वसनरोग अनेक उंदरांत सुप्त असतो. दमट व अमोनियायुक्त हवेत तो उफाळतो. या महिन्यांत अंथरण दर तीन-चार दिवसांनी बदलावे. पिंजरा भिंतीपासून हातभर दूर ठेवावा, कारण ओली भिंत पिंजऱ्यालाही ओल देते. डासांसाठी लावलेली अगरबत्ती वा कॉइल त्या खोलीत नसावी. गणेशोत्सवातील धूपाचीही तीच गोष्ट.

पावसाच्या आरंभी मुंग्या घरात शिरतात. नवजात पिल्लांचे घरटे लाल मुंग्यांना सापडले तर एका रात्रीत सारे संपते. दुधाच्या व साखरेच्या डब्यांसाठी घरोघरी जी युक्ती करतात, तीच येथेही करावी : पिंजरा ठेवलेल्या मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत. वाटीतील पाणी रोज बदलावे, अन्यथा त्यात डास होतात.

आहार

एक उंदीर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम खाद्य खातो आणि सुमारे ५ मिलिलिटर पाणी पितो. तयार गोळीखाद्य मिळाले तर तोच मुख्य आहार ठेवावा. ते नसेल तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणी व गहू यांचे मिश्रण, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर तुकडा, मोड आलेले मूग आणि भाजीचे लहान काप असा आहार चालतो. सफाळे परिसरातील बायका पहाटेच्या गाड्यांनी मुंबईला भाजी विकायला नेतात. ताजी काकडी, दुधी व पालेभाजी येथे सहज मिळते. फवारणीचा अंश जावा म्हणून ती भरपूर पाण्याने धुवावी. गिनीपिगाला क जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागते, उंदीर ते स्वतःच्या शरीरात तयार करतो.

शेंगदाण्याबाबत सावध राहावे. एक तर तो चरबी वाढवतो. दुसरे असे, की दमट हवेत त्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृतनाशक विष तयार होते. चॉकलेट, फरसाण, गुळाचे पदार्थ, सुकट व सुके बोंबील यांपैकी काहीही देऊ नये. गणपतीसमोरच्या मूषकाच्या हाती मोदक असतो म्हणून खऱ्या उंदरालाही तो द्यावा, असे मुलांना वाटणे स्वाभाविक आहे; भाताचा एक शीत दिल्याने दोघांचेही समाधान होते. उंदराला ओकारी येत नाही. पोटात गेलेले विषारी अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नसतो.

कृंतकांचे पुढचे दात जन्मभर वाढतात. कुरतडण्यासाठी पेरूची वाळलेली फांदी पिंजऱ्यात ठेवावी. हे दात पिवळट-नारिंगी दिसतात. तो त्यांचा नैसर्गिक रंग होय.

प्रजनन

गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा. एका वेतात साधारणपणे ६ ते ८, क्वचित १२ पिल्ले होतात. ती जन्मतः आंधळी, बहिरी व केशहीन असतात; सुमारे आठवड्याने केस येतात, दोन आठवड्यांनी डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांनी दूध सुटते. सहाव्या आठवड्यापर्यंत ती स्वतः प्रजननक्षम होतात. विण्यानंतर २४ तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते.

या आकड्यांचा अर्थ गणित मांडल्याशिवाय कळत नाही. जूनच्या आरंभी एक जोडी आणली आणि दर वेताला ८ पिल्ले धरली, तर जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिल्या मादीची तीन वेते, म्हणजे २४ पिल्ले होतात. पहिल्या वेतातील ४ माद्या ऑगस्टच्या आरंभी वयात येतात आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्यांची ३२ पिल्ले जन्मतात. गणपती येईपर्यंत दोनाचे अठ्ठावन्न झालेले असतात. एवढे उंदीर घेणारे शेजारीपाजारी कोठेही नसतात. म्हणूनच नर व मादी एकत्र न ठेवणे हा या संगोपनातील पहिला नियम मानला पाहिजे. एखाद्या मादीला अनपेक्षितपणे पिल्ले झालीच, तर नराला लगेच बाजूला करावे, घरटे आठवडाभर हलवू नये आणि चौथा आठवडा संपण्यापूर्वी नर पिल्ले आईपासून व बहिणींपासून वेगळी करावीत.

नकोसे उंदीर शेतात किंवा देवळाच्या आवारात सोडणे हा सुटकेचा मार्ग नव्हे. पांढऱ्या रंगाचा, माणसाळलेला उंदीर धामण, घुबड वा मांजर यांच्यापासून लपू शकत नाही. आणि जो वाचेल तो आधीच उंदरांनी त्रासलेल्या शेतात भर घालेल.

रानटी उंदीर व रोग

भाताच्या खाचरांत पाणी भरले की बिळांतील उंदीर बांधावर व तेथून घरांकडे येतात. कापणीनंतर शेते मोकळी होतात तेव्हा दुसरी लाट येते. कणग्या व कोठारे भरलेली असतात तोच हा काळ. पिंजऱ्यातील धान्याचा वास त्यांना खोलीपर्यंत आणतो. जाळीला नाक लावून गेलेला एकच रानटी उंदीर पिसवा, किडे व जंतू मागे ठेवून जातो.

यांतील सर्वांत गंभीर रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. संसर्ग झालेल्या उंदराच्या मुतातून हे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि माणसाच्या पायाच्या चिरांतून शरीरात शिरतात. कोकणातील भातलावणीच्या दिवसांत तो नेहमी आढळतो. जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती. पाळीव उंदीर रानटी उंदरांच्या संपर्कात आला तर तोही हे जंतू बाळगू शकतो, आणि स्वतः आजारी दिसत नाही. पिंजरा साफ करणाऱ्याला पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली ही लक्षणे दिसली, तर घरी उंदीर असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकाने हा रोग बरा होतो.

घरउंदीर लिम्फोसिटिक कोरिओमेनिंजायटिस या विषाणूचाही वाहक असतो. गर्भवती स्त्रीला तो झाल्यास गर्भाला गंभीर इजा होते. घरात गर्भवती असेल तर उंदीर आणू नये. आधीपासून असल्यास पिंजऱ्याचे काम दुसऱ्याने करावे. उंदराच्या मुतातील प्रथिनामुळे दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, हेही ध्यानात घ्यावे.

कपाटात किंवा पेंढ्यात सापडलेली गुलाबी पिल्ले वाढवण्याचा मोह मुलांना होतो. आईच्या दुधाविना ती क्वचितच जगतात, आणि जगली तरी वरील सर्व धोके ती बरोबर आणतात. ती हाताने उचलू नयेत.

उंदीर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबत डॉक्टरांना विचारावे. घरातील उंदरांच्या चाव्यातून रेबीज होण्याची शक्यता नगण्य मानली जाते. चाव्यानंतर काही दिवसांनी ताप, सांधेदुखी वा पुरळ आले, तर मात्र तो मूषकदंश ज्वर असू शकतो.

घरात उंदीर मारण्याचे औषध ठेवले जात असेल तर पाळीव उंदीर ठेवू नये; किंवा औषध कायमचे घराबाहेर काढावे. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठणे थांबते आणि उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही. रानटी उंदरांना दूर ठेवण्यासाठी भिंतींतील भोके सिमेंटने बुजवणे, धान्य झाकणाच्या पिंपात ठेवणे आणि सांडलेले खाद्य रोज रात्री झाडून काढणे हे उपाय टिकाऊ आहेत. त्यांचा आणखी एक लाभ असा, की उंदरांच्या मागावर नाग, मण्यार व घोणस घरात येण्याचे प्रसंग कमी होतात.

उपचार व वार्धक्य

गावातील पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी व शेळ्यांसाठी असतात. इतक्या लहान प्राण्याच्या उपचारांसाठी सफाळ्याहून मुंबई गाठावी लागते. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय ही दोन्ही ठिकाणे परळला आहेत. उंदीर आजार लपवतो. विस्कटलेले केस, पाठीचे पोक व अर्धमिटले डोळे दिसू लागेपर्यंत आजार बळावलेला असतो. गाडीचा प्रवास दुपारचा टाळावा. माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत, कारण ३० ग्रॅमच्या देहाला गोळीचा कणही जास्त होतो.

दीड वर्षानंतर माद्यांमध्ये स्तनग्रंथींच्या गाठी वारंवार दिसतात. त्या बहुधा कर्करोगाच्या असतात. शस्त्रक्रिया शक्य असली तरी गाठ पुन्हा येते. मादी खातपीत व हिंडत असेल तोवर तिला राहू द्यावे आणि ते थांबले की पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देववावा. मुलासाठी उंदीर आणणाऱ्या पालकांनी दोन वर्षांत येणारा हा दिवस आणतानाच सांगून ठेवणे इष्ट असते. मेलेला उंदीर उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. हातमोजे घालून, कागदात गुंडाळून तो विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावा.

कायदा

घरउंदीर व मोठा उंदीर हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळण्यात आली. पाळीव पांढरा उंदीर बाळगण्यास परवाना लागत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा अधिनियम मात्र त्यालाही लागू आहे : अपुऱ्या जागेत कोंडणे, अन्नपाण्यावाचून ठेवणे वा टाकून देणे हे त्यानुसार गुन्हे ठरतात. प्राणी विकणाऱ्या दुकानांनी २०१८च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ग्राहकाला ते नोंदणीपत्र पाहण्यास मागता येते.